काही होत नाही

आमच्या पुण्याच्या घरातला फ्रीज चिमटे काढायचा. रोज नाही, पावसाळ्यात, आणि तेही अनवाणी पायाने, ओल्या हाताने दार उघडलं तर. त्यावर आमच्याकडे उपायही होता. फ्रीजसमोर रबरी स्लिपरांचा एक जोड कायमचा ठेवलेला असे. इतरांच्या घरी देवघराबाहेर चपला काढतात, आमच्याकडे फ्रीजसमोर चपला घालत. पाहुण्यांना सरबत देताना आई एवढंच सांगे, "बर्फ हवा असेल तर मला सांगा, स्वतः उठू नका." एकदा वायरमनला बोलावलं. त्याने उलट्या हाताने फ्रीजच्या दाराला शिवून पाहिलं, ओळखीचं कोणी भेटावं तसा हसला आणि म्हणाला, "अर्थिंग वीक आहे. पण काही होत नाही."

त्यानंतर अकरा वर्षं तो फ्रीज आमच्याकडे होता आणि खरंच काही झालं नाही. त्यामुळे "काही होत नाही" या तीन शब्दांवर माझी जी श्रद्धा बसली, ती इंग्लंडात घर घेईपर्यंत टिकली.

हे घर रेडिंगमध्ये आहे. १९३० च्या दशकातलं, एका अंगाने शेजाऱ्याच्या घराला चिकटलेलं. जिन्याखाली एक कपाट आहे. त्यात व्हॅक्यूम क्लीनर, छत्र्या, गणपतीचं मखर आणि पुढच्या भारतवारीची वाट पाहणाऱ्या रिकाम्या बॅगा राहतात. या सगळ्यांच्या मागे, भिंतीवर, विजेची पेटी. तिला इथे 'कन्झ्युमर युनिट' म्हणतात. तपकिरी प्लॅस्टिकची, लाकडी चौकटीवर बसवलेली, आत तार घालायचे सहा फ्यूज आणि प्रत्येकावर रंगीत ठिपका : पांढरा ५ अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, लाल ३० चा. आठ वर्षांत त्या पेटीचं मला नीट दर्शन वर्षातून एकदाच व्हायचं, मखर काढताना. मी इंजिनिअर आहे. म्हणजे घरात काही बिघडलं की फोन कोणाला करायचा हे मला माहीत असतं.

यंदा घरात इंडक्शनची शेगडी आली. ती जोडायला इलेक्ट्रिशियन आला. मखर बाहेर काढून तो कपाटात शिरला आणि त्याने दातांच्या फटीतून हवा आत ओढली. हा इथल्या कारागिरांचा राष्ट्रीय आवाज आहे. गवंडी, प्लंबर, मोटार मेकॅनिक, सगळे आधी हा आवाज काढतात आणि मग आकडा सांगतात. आवाज जितका लांब, तितका आकडा मोठा. याचा आवाज संपेचना.

आणि नेमके तेव्हा बाबा आमच्याकडे सहा महिने राहायला आले होते.

बाबांनी वीज मंडळात बत्तीस वर्षं नोकरी केली. हिशेब विभागात. ते खांबावर कधीही चढले नाहीत. पण नात्यातल्या कुठल्याही लग्नात माइक बंद पडला की सगळा मांडव आधी बाबांकडे बघतो. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो. विमानतळावर एकदा तो काढून घेतला होता, तेव्हापासून ते सामानाच्या बॅगेत धोतरात गुंडाळून दुसरा आणतात. किटकॅट फ्यूजला तार घालण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नाही. एरवी एक पदर, इस्त्री चालू असेल तर दोन, घरात कार्य असेल तर तीन पदर पिळून. "आपण बांधलेला फ्यूज उडता कामा नये," हे त्यांचं ब्रीद.

"फ्यूजचं कामच उडणं आहे," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

बाबांच्या चेहऱ्यावर प्रथमच सेवानिवृत्ती दिसली.

तो पुढे समजावू लागला. ही ३० अँपिअरची तार ३० अँपिअरला वितळत नाही. साधारण दुपटीच्या आसपास करंट गेल्याशिवाय ती लवकर हलतच नाही.

"म्हणजे सोशीक आहे," बाबा कौतुकाने म्हणाले.

"आहे. पण भिंतीतली वायर तिच्याइतकी सोशीक नाही. आणि मुळात फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, माणसासाठी नाही. माणूस वाचवायचा तर ३० अँपिअर नव्हे, ३० मिलिअँपिअरला वीज तुटायला हवी. हजारपट आधी." मग अशी वीज तोडणाऱ्या नव्या यंत्राची रीत त्याने सांगितली. फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, हे ते सारखं मोजत असतं. दोन्ही आकडे सारखे असतील तर ठीक. परतीला ३० मिलिअँपिअर कमी पडले, की वाटेत कोणीतरी, बहुधा माणसानेच, खाल्ले असं धरून ते डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतं.

बाबा एकदम ताठ बसले. "अरे, हा जमाखर्च आहे! आवक-जावक जुळली नाही, कचेरी बंद!" बत्तीस वर्षांनी वीज आणि हिशेब हे दोन विभाग एक झाले होते. त्या क्षणापासून ते इलेक्ट्रिशियनच्या पक्षात गेले.

मी मात्र अजून माझ्या तीन शब्दांवर होतो. म्हटलं, "इतकी वर्षं चाललंय. काही होत नाही ना?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की फ्रीजच्या चिमट्याची आठवण झाली.

मग निदान झालं. पेटी बदलायची. नवी पत्र्याची, कारण २०१६ पासून इथे घरात बसवायची नवी पेटी न जळणाऱ्या आवरणाची हवी, असा नियम आहे. स्क्रू सैल राहतो, जोड तापतो आणि प्लॅस्टिकची पेटी स्वतःच सरपण होते, हे अनुभवातून कळलेलं. आत प्रत्येक सर्किटला वेगळा, जमाखर्च ठेवणारा ब्रेकर. "पण त्याआधी अर्थिंग बघू," म्हणून तो पुन्हा कपाटात गेला.

"खड्डा कुठाय?" बाबांनी विचारलं.

"कसला?"

"अर्थिंगचा." आमच्या पुण्याच्या सोसायटीत मीटरच्या खोलीमागे खड्डा आहे. आत धातूची पाटी, भोवती मीठ आणि कोळसा, वर पाणी घालायला नळी. माती ओली राहिली तर वीज सुखाने जमिनीत जाते. कोरडी पडली की तीही अडते. दर उन्हाळ्यात बाबा त्यात दोन बादल्या पाणी ओततात. तिथे काय लावलंय आणि ते उगवत का नाही, हे एका नव्या भाडेकरूने त्यांना विचारलंही होतं. इथे आल्यापासून बाबांना बागेत तो खड्डा सापडत नव्हता आणि त्यांनी बहुधा संशयापोटी गुलाबालाच जास्त पाणी घालायला सुरुवात केली होती.

इथे खड्डा नाही, असं कळलं. अर्थिंग वीज कंपनीच्या केबलमधूनच येतं.

"म्हणजे मातीसुद्धा कंपनीची?" बाबा म्हणाले.

झालं असं, की आमच्या रस्त्याखालच्या केबलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकाच धातूतून येतात. वाटेत ठिकठिकाणी तो धातू जमिनीला जोडलेला असतो. आमच्या दाराशी आले, की दोघांची वाटणी होते : न्यूट्रल एकीकडे, अर्थ दुसरीकडे. दोन भावांनी मुंबईपर्यंत एका तिकिटावर यावं आणि दादरला वेगळं व्हावं, तसं. सोय उत्तम. पण बाहेर कुठे तो सामाईक धागा तुटला, तर घरातल्या विजेला परतीची वाट उरत नाही. मग ती अर्थच्या वायरीतून, गॅसच्या नळातून, मिळेल त्या धातूतून घरी जायला बघते. अशा वेळी त्या वायरी बारीक असून चालत नाहीत. म्हणून त्यांची जाडी.

इथून पुढचा तास आमच्या जेवणाच्या टेबलावर गणिताचा झाला. चहा झाला, चकली झाली. सूत्र असं : बिघाडाच्या वेळी वाहणाऱ्या करंटचा वर्ग, गुणिले तो तुटायला लागणारे सेकंद, त्याचं वर्गमूळ, भागिले १४३. तांब्याच्या, प्लॅस्टिकचं कवच असलेल्या सुट्या वायरीसाठी १४३. आलेलं उत्तर म्हणजे वायरीची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये. विचार सोपा आहे : त्या क्षणात वायर तापणार, पण कवच वितळेपर्यंत तापायला नको.

"समजा १००० अँपिअर, एक सेकंद," इलेक्ट्रिशियन म्हणाला आणि त्याने फोन काढला.

"सात," बाबा म्हणाले.

"६.९९," फोन म्हणाला.

बाबांनी चकलीची बशी विजेत्याच्या उदारपणाने त्याच्याकडे सरकवली. "मग सातची घ्या."

"सातची मिळत नाही. सहाची मिळते, नाहीतर दहाची. सहा कमी पडते."

"मग दहाची घ्या."

"मी सोळाची लावणार आहे."

बाबा बराच वेळ गप्प राहिले. सात पानांचा अंदाज, दहा पानांचं सामान आणि सोळा पानांचा स्वयंपाक, हा हिशेब त्यांनी फक्त माझ्या मुंजीत पाहिला होता. तेव्हा नियम असा निघाला, की गणित करायचं नसेल तर तक्ता आहे. फेजची मुख्य वायर १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर अर्थिंगची तेवढीच घ्या. १६ ते ३५ च्या मध्ये असेल तर १६ ची घ्या. आमची नवी मुख्य वायर २५ ची, म्हणून अर्थिंग १६ चं.

"मग एवढं गणित केलं कशाला?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

बाबांना हा माणूस आता फारच आवडू लागला.

राहिलं बॉन्डिंग. अर्थिंग आणि बॉन्डिंग ही जुळी भावंडं वाटतात, कारण दोघांचे कपडे सारखे, हिरव्यावर पिवळा पट्टा. पण स्वभाव वेगळे. अर्थिंग बिघाडातल्या विजेला पळून जायला वाट देतं. बॉन्डिंग घरात बाहेरून येणाऱ्या धातूंची, म्हणजे गॅसचा नळ, पाण्याचा नळ, यांची त्या अर्थशी सोयरीक लावतं. का, ते समजायला विजेच्या तारेवर बसलेला कावळा बघावा. त्याला काही होत नाही. पण तार निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर आहेत म्हणून. शॉक बसायला फरक लागतो. एक हात तापलेल्या फ्रीजवर आणि दुसरा थंड नळावर पडला की संपलं. सगळेच सारखे तापले तर माणूस कावळ्यासारखा सुरक्षित. एकत्र कुटुंबात हे तत्त्व फार जुनं आहे : सगळे एकाच वेळी सारखेच चिडलेले असतील तर भांडण होत नाही. एकटा शांत माणूस मध्ये सापडला की त्याला झटका बसतो.

आमच्या गॅसच्या नळाला बॉन्डिंग होतं, पण जुनं, ६ चं. ते १० चं करायचं ठरलं. पाण्याच्या नळाची कथा करुण होती. सिंकखाली एक पट्टी लोंबकळत होती. तिला सूचना टांगलेली : ही सुरक्षेची विद्युत जोडणी आहे, काढू नका. सूचना जागच्या जागी होती. पट्टी नळापासून सुटलेली आणि वायर अर्ध्यात कापलेली. आधीच्या कुठल्यातरी प्लंबरने नळ बदलताना ती काढली, सूचना मात्र सांभाळून ठेवली. बहुधा मनात म्हणाला असेल, इंग्रजीत का असेना, "काही होत नाही."

बाबा हळहळले. पण इलेक्ट्रिशियनने मोजून पाहिलं आणि म्हणाला, इथे बॉन्डिंगची गरजच उरली नाही. आता रस्त्यावरून येणारा नळ प्लॅस्टिकचा आहे, तो बाहेरून वीज आणणार नाही. ज्या घरातून काही येण्याजाण्याची शक्यता नाही त्यांच्याशी सोयरीक कशाला, हे बाबांना लगेच पटलं.

कामाचा दिवस उजाडला. मीटरआधीचा मोठा फ्यूज वीज कंपनीचा, त्याला सील. ते तोडायचा आपल्याला अधिकार नाही, असं सांगून इलेक्ट्रिशियनने कंपनीकडून आधीच तिथे वेगळा स्विच बसवून घ्यायला लावला होता. बाबांचे डोळे पाणावल्यासारखे झाले. त्यांच्या नोकरीत सील हा शब्द फक्त 'तुटलेलं' या विशेषणासह येई.

हा वेगळा स्विच बंद करून त्याने त्याला चक्क कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग त्याचा मीटर आधी चालू विजेवर लावून चालतो का पाहिलं, मग पेटीत वीज नाही ना ते पाहिलं, मग मीटर पुन्हा चालू विजेवर लावून मधल्या मधे तो बिघडला नाही ना, तेही पाहिलं. बाबांनी मदत म्हणून टेस्टर काढला. इलेक्ट्रिशियनने तो हातात घेऊन सज्जनपणे परत केला. त्यातला दिवा आपल्या अंगातून जाणाऱ्या बारीकशा करंटवर लागतो, हे त्याने सांगितलं. "आणि न लागला, तर वीज नाही की टेस्टर बिघडला, हे कसं कळणार?" चाळीस वर्षं आपण स्वतः त्या सर्किटचा भाग होतो, हे ऐकून बाबा अंतर्मुख झाले.

वायरी उघडल्या तेव्हा आणखी एक धक्का. जुन्या वायरी लाल आणि काळ्या, नव्या तपकिरी आणि निळ्या. इथे २००४ पासून रंग बदलले. "निळी न्यूट्रल?" बाबा म्हणाले, "आमच्याकडे लाल, पिवळी, निळी हे तीन फेज! आणि ते आम्ही तुमच्याकडूनच शिकलो!" इलेक्ट्रिशियनने कबूल केलं, की आधी इथेही तेच होतं. आम्हाला शिकवलं आणि स्वतः बदलले, हा विषय मग रात्रीच्या जेवणापर्यंत पुरला.

पेटी बसवायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट मोजमापांना लागला. शेवटी एकेक ब्रेकर वर केला. जिन्यातला दिवा लावला, आणि फट्. ब्रेकर खाली. पुन्हा वर, पुन्हा फट्. तासाभराने कारण सापडलं. जिन्यातला दिवा फेज घेत होता तळमजल्याच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल देत होता वरच्या मजल्याच्या सर्किटला. जुन्या घरांत हे बऱ्याचदा असतं. वायर वाचवण्यासाठी कोणीतरी न्यूट्रल उसना घेतलेला. जुन्या फ्यूजला याचा पत्ताच नव्हता. नव्या ब्रेकरने पहिल्याच दिवशी पकडलं.

"एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात जमा," बाबा गंभीरपणे म्हणाले. "असं एक प्रकरण आमच्याकडेही होतं. त्यातला माणूस मात्र बढती घेऊन गेला."

एकूण आठशे पौंड झाले. पाठोपाठ प्रमाणपत्र आलं, पानं भरून आकडे, आणि स्थानिक कौन्सिललाही रीतसर कळवलं गेलं. विजेची पेटी बदलणं २००५ पासून इथे इमारतीच्या नियमांत येतं. त्याच संध्याकाळी पुण्याहून काकांचा फोन आला.

"एवढे पैसे? काही झालं होतं का?"

"नाही."

"मग आता काही वेगळं होतंय?"

"काहीच नाही."

"मग आठशे पौंड कशाचे?"

मला उत्तर सुचेना. बाबांनी फोन घेतला. "अरे, काही होत नाही, असं आपण नुसतं म्हणायचो. इथे ते विकत घेतलं."

पुढच्या आठवड्यात दसरा होता. बाबांनी टेस्टर, माझा लॅपटॉप आणि इंडक्शनची शेगडी यांची पूजा केली, आणि पत्र्याच्या नव्या पेटीला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल चिकटवलं. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन विसरलेला पाना न्यायला आला. फूल बघून तो क्षणभर थांबला. या वेळी दातांतून हवा ओढली नाही. म्हणाला, "छान आहे. उदबत्ती मात्र नको."

बाबा परत गेले. तिकडे पोचल्यावर त्यांनी आधी घरात तसला जमाखर्च ठेवणारा ब्रेकर बसवून घेतला आणि सोसायटीच्या खड्ड्याचं मोजमाप करवलं. फ्रीजसमोरची चप्पल आता नाही. आईचे पाय मात्र सवयीने तिथे अजून अडखळतात.

तुमच्याही घरच्या पेटीत तो ब्रेकर असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं एक लहानसं बटण असतं. दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला, म्हणजे साधारण सहा-सहा महिन्यांनी, ते दाबून बघा. वीज गेली तर ब्रेकर ठीक आहे. खटका वर करा आणि श्रीखंड खा. वीज गेली नाही, तर वायरमनला बोलवा. आणि तो "काही होत नाही" म्हणाला, तर दुसरा वायरमन बोलवा.